शेफील्डचे हॅरी ब्रिअर्ली आणि न गंजणाऱ्या पोलादाची कसोटी

परदेशी निघालेल्या मराठी माणसाच्या सामानात स्टीलचे एखादे भांडे असतेच. कोणाचा मसाल्याचा डबा, कोणाचे फुलपात्र, कोणाचा पोळ्यांचा डबा. पुष्कळदा त्यावर आजीचे किंवा आईचे नाव कोरलेले असते. वर्षानुवर्षे ते भांडे लखलखीत राहते आणि मग एके दिवशी, मिठाचे पाणी रात्रभर तसेच राहिलेल्या पातेल्याच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो. तो घासून जात नाही, कारण तो डाग नसून खड्डा असतो. न गंजणारे म्हणून ज्याची ख्याती, त्या धातूला हा खड्डा पडावा कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपण इंग्लंडमधील शेफील्ड या शहरी आणि तेथील एका गरीब कामगाराच्या मुलाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचतो. त्या मुलाचे नाव हॅरी ब्रिअर्ली.

हॅरीचा जन्म 18 फेब्रुवारी 1871 रोजी शेफील्ड येथे झाला. यॉर्कशायरमधील हे शहर शतकानुशतके चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध होते. अठराव्या शतकाच्या मध्यावर बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत येथेच सिद्ध केली आणि शेफील्डचे नाव जगभर गेले. हॅरीचे वडील जॉन हे थॉमस फर्थ अँड सन्स या कारखान्यात पोलाद वितळवण्याचे काम करीत. धगधगत्या भट्टीच्या तोंडाशी उभे राहून, कपड्यांवर ओले गोणपाट गुंडाळून, वितळलेल्या पोलादाने भरलेली मातीची मूस चिमट्याने वर उचलायची, असे ते काम होते. अंगातील पाणी आटवणाऱ्या त्या कामाचा शीण बरेच कामगार दारूत बुडवीत, आणि जॉन त्याला अपवाद नव्हते. आई जेन हिने नऊ मुलांचा संसार रॅम्सडेन्स यार्ड नावाच्या दाटीवाटीच्या वस्तीतील लहानशा घरात ओढला. हॅरी हा त्यांतील आठवा.

शाळा अकरा-बारा वर्षांच्या वयातच सुटली. वडील काम करीत त्याच कारखान्यात, भट्टीखालच्या तळघरात हॅरी हरकाम्या म्हणून लागला. पुढे त्याला कारखान्याच्या रासायनिक प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे काम मिळाले. कामगाराच्या मुलाने त्या दारातून आत जाणे हे त्या काळी सहज घडणारे नव्हते. प्रयोगशाळेचे प्रमुख जेम्स टेलर यांनी या मुलातील चौकसपणा हेरला, त्याला गणिताची गोडी लावली, हाताने नीटनेटके काम करण्याची शिस्त शिकवली आणि रात्रशाळेचा मार्ग दाखवला. पुढे ब्रिअर्ली यांनी आपल्या एकुलत्या मुलाचे नाव लिओ टेलर असे ठेवले, त्यात या गुरुऋणाची खूण दिसते.

बाटल्या धुणारा मुलगा यथावकाश पोलादाचे पृथक्करण करणारा रसायनतज्ज्ञ झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. 1895 मध्ये हेलन क्रँक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1901 मध्ये ते केझर एलिसन या कंपनीत रसायनतज्ज्ञ म्हणून गेले आणि पुढच्याच वर्षी फ्रेड इबट्सन यांच्यासह पोलाद कारखान्यांतील पदार्थांच्या पृथक्करणावर त्यांनी एक भरभक्कम ग्रंथ सिद्ध केला. मात्र आकड्यांच्या या अभ्यासकाच्या मनात आकड्यांविषयी एक शंका कायम राहिली. पृथक्करणात दोन पोलादे अगदी सारखी ठरतात, तरी एकाची सुरी धार धरते आणि दुसऱ्याची धरत नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. आपल्या वडिलांसारखे निरक्षरप्राय कारागीर तुटलेल्या पोलादाचा नुसता कण पाहून त्याची प्रत सांगत, हेही त्यांनी पाहिले होते. प्रयोगशाळेची मोजमापे आणि कारागिराची नजर या दोहोंना एकमेकांची गरज आहे, ही धारणा त्यांच्या पुढील आयुष्याचा कणा ठरली.

1904 च्या सुमारास फर्थ कंपनीने त्यांना रशियन साम्राज्यातील रिगा येथे पाठवले. तेथील पोलाद कारखाना कंपनीने नुकताच घेतला होता. परकी भाषा, अपुरी साधने आणि 1905 च्या क्रांतीची धामधूम अशा परिस्थितीत त्यांनी तेथे रसायनतज्ज्ञापासून कारखाना चालवण्यापर्यंत अनेक कामे पार पाडली. घरापासून दूर, अनोळखी माणसांना हाताशी धरून काम उभे करण्याचा हा अनुभव आज परदेशात राहणाऱ्या वाचकांना परका वाटू नये. तेथून परतल्यावर शेफील्डमधील जॉन ब्राऊन आणि थॉमस फर्थ या दोन बड्या कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या ब्राऊन फर्थ संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. 1911 मध्ये हत्यारांच्या पोलादाला उष्णता आणि पाणी देण्याच्या शास्त्रावर त्यांचा ग्रंथ निघाला. तोही कारागिराच्या भाषेला जवळचा होता.

1912 मध्ये त्यांच्यापुढे एक वेगळाच प्रश्न आला. बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजत होत्या. दारूच्या स्फोटाची उष्णता आणि वायूंचा मारा यांमुळे नळीचा आतला पृष्ठभाग खरवडला जाई आणि गोळी सैल बसू लागे. ब्रिअर्ली यांनी एन्फील्ड येथील शस्त्रकारखान्यात जाऊन या झिजेचा अभ्यास केला आणि क्रोमियमचे प्रमाण जास्त असलेल्या पोलादांचा प्रयोग सुचवला. क्रोमियममुळे पोलादाचा वितळणबिंदू वाढेल आणि झीज कमी होईल, असा त्यांचा तर्क होता. गंजण्याचा प्रश्न तेव्हा कोणाच्याच विचारात नव्हता.

मुशीतील पहिले प्रयत्न मनासारखे झाले नाहीत. पुढे विजेच्या भट्टीत जो ओतीव गोळा सिद्ध झाला, त्यात 12.8 टक्के क्रोमियम आणि 0.24 टक्के कार्बन होता. 13 ऑगस्ट 1913 ही त्याची तारीख आता परंपरेने सांगितली जाते. या पोलादाच्या नळ्यांनी बंदुकीच्या इतिहासात काही क्रांती केली नाही. क्रांती झाली ती पोलादाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली नेण्याच्या तयारीत. पोलादाची आतली घडण पाहायची तर तुकडा आरशासारखा घासून त्यावर सौम्य अम्ल फिरवावे लागते. अम्ल काही भाग अधिक कोरते, काही कमी, आणि त्या फरकामुळे कणांची नक्षी उमटते. ब्रिअर्ली यांच्या नव्या पोलादावर नेहमीच्या नायट्रिक अम्लाची मात्रा चालेना. काही तुकडे कोरलेच जात नव्हते, तर काही अगदी सावकाश.

आणखीही एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. एकाच ओतीव गोळ्यातील तुकडे असूनही, लाल करून पाणी दिलेला कठीण तुकडा अम्लाला दाद देत नसे आणि सावकाश थंड केलेला मऊ तुकडा मात्र अम्लापुढे नमे. म्हणजे केवळ घटकांची टक्केवारी सांगून या पोलादाचे वर्तन कळणार नव्हते. ते कसे तापवले आणि कसे निववले, यावर त्याची सहनशक्ती अवलंबून होती. कचऱ्याच्या ढिगाऱ्यात एक तुकडा चकाकताना दिसला आणि शोध लागला, अशी गोड दंतकथा या शोधाभोवती रचली गेली आहे. खरी गोष्ट तिच्याहून साधी आहे. नेहमीची चाचणी फसली, तेव्हा ब्रिअर्ली यांनी चाचणी कशी सुधारावी एवढाच विचार न करता, ती का फसली हे विचारले.

क्रोमियममुळे पोलाद अम्लाला तोंड देते, हे जगात आणखीही काही जणांना कळले होते. जर्मनीत फिलिप मोनार्ट्झ यांनी 1911 मध्ये क्रोमियम पोलादांच्या या गुणाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला होता. क्रुप कंपनीत श्ट्राउस आणि माउरर निकेल-क्रोमियम पोलादावर काम करीत होते आणि अमेरिकेत एलवुड हेन्स याच दिशेने चालले होते. त्यामुळे अगंज पोलादाचा एकमेव जनक असा किताब ब्रिअर्ली यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. शेफील्डच्या या मुलाचे वेगळेपण असे, की अम्लाने न कोरला जाणारा तुकडा पाहताच त्याला जेवणाच्या टेबलावरची सुरी आठवली.

त्या काळच्या सुऱ्या साध्या कार्बन पोलादाच्या असत. आपल्याकडे लोखंडी विळीवर कैरी किंवा वांगे चिरले की पाते काळे पडते, तसेच त्यांचेही होई. फळाचा रस किंवा व्हिनेगर लागले की डाग पडत आणि प्रत्येक जेवणानंतर पाती घासून, पुसून कोरडी ठेवावी लागत. ब्रिअर्ली यांनी आपल्या पोलादाचे तुकडे व्हिनेगरात आणि लिंबाच्या रसात घातले. ते चकचकीत राहिले. स्वयंपाकघरातील आंबटाशी घातलेली ही गाठ म्हणजेच न गंजणाऱ्या सुरीची पहिली कसोटी होती.

पण कारखान्याच्या चालकांना या कल्पनेत रस वाटला नाही आणि सुऱ्या घडवणाऱ्यांना तर ती थट्टाच वाटली. नमुन्यादाखल दिलेले पोलाद त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे तापवले, ठोकले आणि पाणी दिले. हे पोलाद घणाखाली हट्टी होते आणि त्याला पाणी देण्यापूर्वी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक, सुमारे 1000 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागे. कारागिरांनी ते जुन्याच अंदाजाने हाताळल्यामुळे पाती मऊ राहिली, काहींना तडे गेले. न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधक अशी ब्रिअर्ली यांची टिंगल गावात सुरू झाली. ज्या कारागिरांच्या नजरेवर त्यांची श्रद्धा होती, त्यांनीच पाठ फिरवावी, हा प्रसंग त्यांना निश्चितच लागला असणार.

1914 मध्ये मात्र त्यांना अर्नेस्ट स्टुअर्ट भेटले. आर. एफ. मोसली या कंपनीच्या पोर्टलँड वर्क्समध्ये ते सुऱ्यांच्या विभागाचे व्यवस्थापक होते. त्यांनी पोलादाचा तुकडा व्हिनेगरात ठेवून स्वतः पारख केली आणि पाती घडवून पाहण्याचे मनावर घेतले. पहिले दोन प्रयत्न वाया गेले. तिसऱ्या वेळी पोलादाच्या स्वभावाप्रमाणे उष्णता साधली आणि धार धरणारी, डाग न पडणारी सुरी तयार झाली. ब्रिअर्ली या पोलादाला न गंजणारे म्हणत असत. स्टुअर्ट यांनी त्याऐवजी डाग न पडणारे, म्हणजे स्टेनलेस, हा शब्द सुचवला. पोर्टलँड वर्क्सची इमारत आजही उभी आहे आणि तिच्यात लहानमोठे कारागीर काम करतात.

यश दिसू लागले तसा वादही उभा राहिला. संशोधनाच्या हक्कात आपला निम्मा वाटा आहे, अशी ब्रिअर्ली यांची धारणा होती. नोकरीत असताना लागलेला शोध आमचाच, असे कंपनीचे म्हणणे पडले. कंपनीने वेळीच पेटंट घेण्याचे टाळले आणि नंतर श्रेय मात्र आपल्याकडे ओढले, हे त्यांना सहन झाले नाही. ज्या कारखान्याच्या तळघरात त्यांचे बालपण गेले, त्याची प्रयोगशाळा त्यांनी सोडली आणि 1915 मध्ये ब्राऊन बेलीज या दुसऱ्या शेफील्डकर कंपनीत ते दाखल झाले. लंडनचे जॉन मॅडॉक्स या वयोवृद्ध गृहस्थांच्या आग्रहाने त्यांनी अमेरिकेत अर्ज केला आणि 5 सप्टेंबर 1916 रोजी त्यांना तेथील पेटंट मिळाले. आता कंपनीलाही त्यांच्याशी बोलणे भाग होते. 1917 मध्ये फर्थ-ब्रिअर्ली स्टेनलेस स्टील सिंडिकेट स्थापन झाले आणि त्यांचे नाव अखेर कंपनीच्या नावाशेजारी आले.

पहिल्या महायुद्धात हे पोलाद मुख्यतः विमानांच्या इंजिनांतील झडपांकडे वळवले गेले. युद्धानंतर ते घरोघर पोहोचले. ब्राऊन फर्थ प्रयोगशाळेत ब्रिअर्ली यांच्या जागी आलेल्या विल्यम हॅटफील्ड यांनी 1924 मध्ये 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेले पोलाद पुढे आणले. आपल्या घरातील उत्तम प्रतीची भांडी याच कुळातील. कल्हई उडाली की पितळेच्या भांड्यात आंबट कळकते, ही चिंता ज्या पिढीने वाहिली, तिला या धातूचे मोल वेगळे सांगायला नको.

येथे आपण त्या काळ्या ठिपक्याकडे परत येऊ. ब्रिअर्ली यांनी पोलादाला विचारलेला प्रश्न आंबटाविषयी होता. मिठाचा प्रश्न निराळा आहे. क्रोमियम असलेल्या पोलादावर हवेतील प्राणवायूच्या संयोगाने ऑक्साइडचा एक अत्यंत पातळ, काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार होतो. ओरखडा पडला तरी तो क्षणात पुन्हा भरून येतो. चमक टिकते ती त्याच्या जोरावर. मिठातील क्लोराइड मात्र या पापुद्र्याला एखाद्या दुबळ्या जागी भोक पाडते. भोकातील उघडा धातू विरघळू लागतो, विरघळलेल्या धातूची पाण्याशी क्रिया होऊन तेथे अम्ल तयार होते आणि विद्युत्भाराचा तोल राखण्यासाठी आणखी क्लोराइड आत ओढले जाते. भोवतीचा पृष्ठभाग जसाच्या तसा चकाकत असतो आणि त्या इवल्या खड्ड्याचा तळ मात्र खोल खोल जात राहतो.

हे मोजायचे कसे, हा प्रश्न विसाव्या शतकातील धातुशास्त्रज्ञांना चांगलाच पुरला. साधे गंजणे मोजायला तुकडा आधी तोलायचा, द्रवात ठेवायचा, मग पुन्हा तोलायचा आणि वजनातील घट काढायची, ही जुनी रीत. खड्ड्यांच्या बाबतीत ती फसवते. एखाद्या टाकीचे वजन ग्रॅमभरही कमी न होता तिला आरपार छिद्र पडू शकते. सरासरी उत्तम असते आणि टाकी गळत असते. म्हणून किती धातू गेला, या प्रश्नाऐवजी खड्डा पडायला केव्हा सुरुवात होते, हा प्रश्न विचारला जाऊ लागला. मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या तुकड्याचे विद्युत् विभव हळूहळू वाढवत न्यायचे आणि कोणत्या क्षणी प्रवाह एकाएकी उसळतो ते पाहायचे, ही एक पद्धत. विभव स्थिर ठेवून तापमान मिनिटाला एक अंश या गतीने वाढवत न्यायचे आणि खड्डे सुरू होण्याचे तापमान टिपायचे, ही दुसरी. तिसरी त्याहून सोपी आणि कठोर: फेरिक क्लोराइडच्या 6 टक्के द्रावणात तुकडा ठरलेल्या तापमानाला, बहुधा 72 तास, बुडवून ठेवायचा आणि मग भिंगाखाली खड्डे शोधायचे.

अशा असंख्य चाचण्यांच्या अनुभवातून एक सोपे सूत्र रूढ झाले. क्रोमियमची टक्केवारी घ्यावी, तीत मॉलिब्डेनमची टक्केवारी 3.3 ने गुणून मिळवावी आणि नायट्रोजनची 16 ने गुणून मिळवावी. येणारा आकडा जितका मोठा, तितकी खड्ड्यांना तोंड देण्याची क्षमता अधिक. घरातल्या 304 प्रतीच्या पोलादाचा आकडा साधारण 18 ते 20 येतो. मॉलिब्डेनम असलेल्या 316 प्रतीचा 24 च्या आसपास. रसायन आणि तेल उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या 2205 या डुप्लेक्स पोलादाचा सुमारे 35. उत्तर समुद्रातील तेलफलाटांवर खारे पाणी वाहून नेणाऱ्या नळांसाठी 40 हून अधिक आकड्याची सुपर डुप्लेक्स पोलादे निवडली जातात. आपल्यापैकी जे ॲबर्डीनला किंवा अशाच एखाद्या ठिकाणी अभियंते आहेत, त्यांना हे आकडे तोंडपाठ असतील.

आता हीच मोजपट्टी ब्रिअर्ली यांच्या 1913 च्या पोलादाला लावून पाहावी. मॉलिब्डेनम नाही, हेतुपुरस्सर घातलेला नायट्रोजन नाही. आकडा येतो जेमतेम 13. ज्या पोलादाने जगाला स्टेनलेस हा शब्द दिला, ते आजच्या मोजपट्टीवर तळाशी उभे आहे. आजही जेवणाच्या टेबलावरील सुरीचे पाते साधारण याच कुळातले असते, कारण धार धरण्यासाठी लागणारे काठिण्य त्याला येते. म्हणूनच भांडी धुण्याच्या यंत्रात चमचे-काटे स्वच्छ निघतात आणि सुरीवर मात्र बारीक टिपके उमटतात. यात शोधकाचा कमीपणा नाही. त्यांच्या पोलादाने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले होते. पण एका कसोटीला उतरलेल्या वस्तूला आपण सर्व कसोट्यांचे प्रमाणपत्र देऊन टाकतो आणि मग तळाशी ठिपका दिसला की चकित होतो.

आकड्याने सारे काही कळत नाही, ही ब्रिअर्ली यांची जुनी शंकाही या ठिकाणी खरी ठरते. वरील सूत्र केवळ घटकांची टक्केवारी पाहते. तेच पोलाद ओबडधोबड घासले, चुकीच्या उष्णतेत ठेवले किंवा निष्काळजीपणे जोडले, तर सूत्रातील आकडा तोच राहून खड्डे मात्र लवकर पडतात. खड्ड्यांचा उगम पुष्कळदा पोलादात अडकलेल्या मँगनीज सल्फाइडच्या सूक्ष्म कणांपाशी होतो. 2002 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील मेरी रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कणांभोवती क्रोमियम कमी असलेले एक अरुंद वलय असते, असे मांडले. त्यावर शास्त्रज्ञांत वादही झाला. पण खड्डा कोठे आणि का सुरू होतो, याचे उत्तर सरासरीत नसून त्या एका दुबळ्या जागी आहे, हे सर्वांना मान्य आहे. पाणी दिलेला आणि न दिलेला असे एकाच गोळ्यातील दोन तुकडे अम्लात वेगळे वागताना ज्याने पाहिले, त्याला यात नवल वाटले नसते.

1920 मध्ये आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटने ब्रिअर्ली यांना बेसेमर सुवर्णपदक दिले. 1925 मध्ये ते ब्राऊन बेलीज कंपनीचे संचालक झाले. निवृत्तीच्या काळात त्यांनी पोलाद घडवणाऱ्या माणसांवर आणि स्वतःच्या आयुष्यावर लिहिले. त्या लेखनात शोधाच्या मोठेपणापेक्षा मुशीपाशी उभ्या राहणाऱ्या कारागिरांविषयीचा जिव्हाळा अधिक आहे. 1939 मध्ये शेफील्ड नगराने त्यांना आपला सन्माननीय नागरिक केले. 1941 मध्ये त्यांनी फ्रेशगेट नावाचा न्यास स्थापन केला. प्रवास, शिक्षण, कला यांची संधी परिस्थितीमुळे ज्यांना मिळत नाही अशा सामान्य माणसांना हात द्यावा, हा त्यामागचा हेतू होता. जेम्स टेलर यांनी एका बाटल्या धुणाऱ्या मुलासाठी जे केले, ते पुष्कळांसाठी व्हावे अशी ती व्यवस्था होती आणि तो न्यास आजही कार्यरत आहे. 14 जुलै 1948 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथे त्यांचे निधन झाले.

ब्रिअर्ली यांच्या शोधाच्या शताब्दीच्या सुमारास शेफील्डच्या हॉवर्ड स्ट्रीटवरील एका उंच भिंतीवर त्यांचे मोठे चित्र रंगवले गेले. रेल्वे स्थानकातून शहराच्या मध्याकडे चालत जाणाऱ्याला ते सहज दिसते. तिकडे जाणे झाले तर क्षणभर थांबून पाहावे.

घरी मात्र त्यांची आठवण ठेवण्याचा मार्ग आणखी सोपा आहे. स्टीलच्या पातेल्यातील थंड पाण्यात मीठ टाकू नये. ते न विरघळता तळाशी बसते आणि खड्डा नेमका तेथेच सुरू होतो. पाणी उकळले की मग मीठ घालावे. खारट पदार्थ त्यात रात्रभर ठेवू नये. आपल्या आज्या लोणचे आणि मीठ चिनी मातीच्या बरणीत ठेवीत. क्लोराइड हा शब्द त्यांच्या कानांवरून गेला नसेल. पण कोणते भांडे कशाला पुरे पडते, हे त्यांनी वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहून ठरवलेले होते. शेफील्डच्या त्या मुलाला ही पारख पाहताक्षणीच पटली असती.